सात नंबरच्या काळ्या बाटल्या

त्या दुपारी आमच्या बाजूचा फोन बंद पडला नसता, तर मी गरम बाजूला कधी गेलेच नसते. आणि गेले नसते तर… जाऊ दे. फोन बंद पडला आणि मी गेले.

आमचा कारखाना बाटल्यांचा. एका टोकाला भट्टी आणि बाटल्या घडवणारं यंत्र, ती गरम बाजू. दुसऱ्या टोकाला आम्ही, ती थंड बाजू. मध्ये लांबलचक बोगदा. नुकतीच घडलेली बाटली एकदम गार झाली तर तडकते, म्हणून ती त्या बोगद्यातून रमतगमत येते आणि तासाभराने आमच्यापुढे बाहेर पडते. आमच्यासमोर उजेडाची मोठी पांढरी काच. त्या उजेडावरून बाटल्या सरकत जायच्या आणि आम्ही मुली स्टुलावर बसून डोळ्यांत तेल घालून बघायचो. बुडबुडा, चीर, डाग, काही दिसलं की बाटली उचलायची आणि पिंपात टाकायची. पिंपातली काच पुन्हा भट्टीत जायची.

प्रत्येक बाटलीच्या बुडाशी तिच्या साच्याचा नंबर उमटलेला असतो. त्या दुपारी सात नंबरची बाटली सारखी काळपट येत होती. सुपरवायझर म्हणाले, फोन लागत नाही, पळत जा आणि त्या यंत्रावरच्या माणसाला सांगून ये.

गरम बाजूला पाऊल टाकलं आणि कानठळ्याच बसल्या. लालभडक काचेचे गोळे वरून टपाटपा साच्यांत पडत होते आणि एक उंच माणूस काठीला बांधलेला तेलाचा बोळा हातात घेऊन साच्यांतून असा फिरवत होता की मला बघूनच भीती वाटली. मी ओरडून सांगितलं. त्याने मान हलवली, म्हणजे ऐकू आलं नाही. मग मी आणलेली बाटली त्याच्या तोंडासमोर उलटी धरली. त्याने नंबर वाचला, मला दाराबाहेर यायची खूण केली आणि बाहेर येऊन कानातला कापूस काढला.

“तुमची सात नंबर काळी येतेय,” मी म्हणाले.

“काच चिकटू नये म्हणून साच्याला तेल लावलं की पहिल्या काही बाटल्या काळ्याच निघतात. तुम्ही त्या फेकून देता?”

“मग काय घरी नेऊन शोकेसमध्ये मांडू?”

तो हसला. सगळा चेहरा काजळीने माखलेला, त्यात दात तेवढे स्वच्छ. म्हणाला, सातवा साचा जरा हट्टी आहे, त्याला तेल जास्त लागतं.

“साचा हट्टी आहे की माणूस?” माझ्या तोंडून निघून गेलं आणि मी तिथून जी सटकले ती थेट माझ्या स्टुलावर येऊन बसले. फोन दुरुस्त झाला होता.

दुसऱ्या दिवशी स्वच्छ बाटल्यांच्या रांगेत एकच काळी बाटली आली. उलटी करून पाहिली. सात. मी ती पिंपात टाकली. थोड्या वेळाने पुन्हा एक. आता, साच्यांना तेल ओळीने लावतात, त्यामुळे काळ्या बाटल्याही ओळीने येतात, एकापाठोपाठ सगळ्या नंबरांच्या. एकटा सात नंबर असा मध्येच येत नाही. माझ्या शेजारी ठेंगणी बसायची. उंचीला इतकी कमी की स्टुलावर उशी घेतल्याशिवाय तिला बाटलीचं तोंड दिसायचं नाही, पण बाकी तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

“हा सात नंबर तुला हाका मारतोय गं,” ती म्हणाली.

मी काहीतरीच काय म्हणून तिला गप्प केलं. पण घड्याळाकडे पाहिलंच. म्हणजे बरोबर तासाभरापूर्वी, त्या आवाजात आणि त्या आगीत, कुणाला तरी माझी आठवण झाली होती. आणि ती आठवण बोगद्यातून सावकाश, न तडकता, आत्ता माझ्या हाताशी आली होती. मी ती बाटली फेकली. नियमच होता. पण फेकण्याआधी जरा जास्त वेळ हातात धरली, हेही खरं.

पुढे रोजचंच झालं. तो सकाळी आला की एक, सुट्टीच्या तासभर आधी एक. माझ्यासाठी त्याचं नावच सात नंबर पडलं. पाण्याच्या टाकीपाशी भेट व्हायची. तो पेला भरताना मुद्दाम हळू भरायचा आणि मागची रांग वैतागायची. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. एकदा मी म्हणाले, कंपनीची काच वाया घालवतोस, पकडला गेलास तर? तो म्हणाला, वाया कुठे जाते, तू फेकतेस, ती भट्टीत वितळते, मी पुन्हा घडवून तुझ्याकडेच पाठवतो.

असं बोलणाऱ्या माणसावर रागावायचं तरी कसं?

पण आमच्यात एक फरक होता आणि तो गळ्यातच लटकत असायचा. त्याचं कार्ड निळं, म्हणजे कायम कामगार. माझं पिवळं, म्हणजे कंत्राटी. काम तेच, छप्पर तेच, कार्ड वेगळं. उजेडासमोर सतत बसून डोळे जातात, म्हणून निळ्या कार्डाच्या बायकांना दर अर्ध्या तासाने उठवून दुसरं काम द्यायचे. तो नियम युनियनने फार पूर्वी भांडून मिळवला होता. आम्ही पिवळ्या मात्र जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याच उजेडासमोर.

एक दिवस टाकीपाशी त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. “रडलीस का?”

“नाही. बाटल्या बघितल्या.”

त्या दिवशी तो हसला नाही. सरळ युनियनच्या अध्यक्षांकडे गेला. त्यांना सगळे काका म्हणायचे. भारदस्त माणूस, हळू बोलायचे, पण बोलले की मॅनेजरही खुर्चीत सरळ होऊन बसायचा. काका मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले आणि पुढच्या आठवड्यापासून पिवळ्या कार्डांनाही अर्ध्या तासाने उठायला मिळू लागलं. मी पहिल्यांदा उठले तेव्हा डोळे मिटून नुसती भिंतीला टेकून उभी राहिले. मला वाटलं, युनियन म्हणजे हे. कुणीतरी आपले डोळे लाल झालेले बघतं आणि ते जाऊन दुसऱ्याला सांगतं. त्या क्षणी मी त्याच्या प्रेमात पडले की युनियनच्या, मला वेगळं सांगता येणार नाही.

म्हणून संपाचं वारं सुरू झालं आणि तो माझ्याकडे आला, तेव्हा मी आधीच अर्धी तयार होते. त्याने सरळ सांगितलं. भट्टी विझवता येत नाही, विझली तर आतली काच गोठते आणि भट्टीच जाते. म्हणून संपातही थोडी माणसं आत जाऊन ती तापती ठेवणार. पण कंपनीच्या गोदामात माल भरलेला आहे. थंड बाजूच्या मुली तो तपासून बाहेर पाठवत राहिल्या तर कंपनी आरामात बसेल आणि आमचा संप पडेल. “तुम्ही बाहेर आलात तर जिंकू. आणि पहिली मागणीच तुमची आहे. पिवळं कार्ड बंद. सगळे कायम.”

“काकांनी कबूल केलंय?”

“माझ्यासमोर.”

मी मुलींना गोळा केलं. ठेकेदार आम्हाला उद्या काढू शकत होता, आमच्यामागे कुणी नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मी म्हणाले, माझ्या शब्दावर चला.

“तुझ्या की त्याच्या?” ठेंगणीने विचारलं. मग स्वतःच उशी काखेत मारली आणि सगळ्यांच्या आधी गेटबाहेर जाऊन उभी राहिली.

संपाचे दिवस… आता आठवले की कडू लागतात, पण तेव्हा मी सुखात होते, खोटं कशाला बोलू. गेटसमोर ताडपत्री बांधलेली, वर रिमझिम, खाली ओल. घोषणा देऊन आवाज बसलेला. चहाचा एकच कप दोघांत, आणि तो कपाच्या ज्या बाजूने मी प्यायले तीच बाजू शोधून काढायचा. मी म्हणायची, लोक बघतायत. तो म्हणायचा, बघू देत, संप आहे, उघड्यावरच करायचा असतो.

एका संध्याकाळी ताडपत्रीत साठलेलं पाणी काठीने ढकलता ढकलता तो थबकला. “संप संपला की तुला एक विचारायचंय.”

“आत्ता विचार की.”

“आत्ता नाही. तुझ्या गळ्यात निळं कार्ड येऊ दे. मग विचारीन. म्हणजे… तू हो म्हणालीस तर अडचणीपायी म्हणालीस असं मला कधी वाटायला नको. आणि तुलाही.”

मी काठी त्याच्या हातातून घेतली आणि पाणी त्याच्याच अंगावर ओतलं. दुसरं करणार तरी काय, डोळे भरून आले होते आणि त्याला ते दाखवायचे नव्हते. इतक्या मानाने माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.

युनियनने संपकऱ्यांना धान्य वाटलं. आम्हाला नाही, कारण आम्ही वर्गणीदार नव्हतो. तो त्याच्या पिशवीतलं अर्धं घेऊन आमच्या घरी आला, दारातच ठेवून, पाणीही न पिता गेला. माझी आई एका लॉन्ड्रीत चादरी घड्या करायची. तिने पिशवी उचलली, डाळ निवडायला घेतली आणि म्हणाली, मुलगा चांगला आहे.

थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, “पण हे धान्य तुला त्याच्यामुळे मिळालं. युनियनमुळे नाही. एवढं लक्षात ठेव.”

मला तेव्हा तिचा राग आला. तिला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे, असं मी ठेंगणीला सांगितलं. ठेंगणी म्हणाली, आपलंही तेच काम आहे की.

मग एका सकाळी निरोप आला, तडजोड झाली, मैदानावर या.

आमच्याकडे मतदान हात वर करून होतं. कायम कामगार पुढे बसतात, काका करार वाचतात, हात वर होतात आणि संपलं. कंत्राटींना मत नाही. आम्ही मैदानाच्या कडेला, बांधलेल्या दोरीच्या मागे उभ्या होतो. पगारवाढ, टाळ्या. घरच्यांच्या औषधपाण्याचा खर्च, टाळ्या. क्वार्टर्सची दुरुस्ती, टाळ्या. आम्हीही वाजवल्या. आमचं शेवटी असेल असं वाटलं.

शेवटी आमचंच होतं. थंड बाजूला कॅमेऱ्याचं यंत्र बसवायला युनियनची हरकत नाही. तिथल्या कायम बायकांना दुसऱ्या खात्यात घेतलं जाईल. कंत्राटींची मुदत महिनाअखेर संपते, ती वाढवली जाणार नाही. काकांनी चष्मा काढला आणि म्हणाले, जेवढं पदरात पडतंय तेवढं घेऊया, नाहीतर कंपनी भट्टीच बंद करील आणि कुणालाच काही उरणार नाही. कंत्राटींचा प्रश्न पुढच्या करारात नक्की घेऊ.

पुढच्या करारात आम्ही कुठे असणार होतो? पण आम्हाला विचारायला कुणी मागे वळलं नाही.

“मंजूर असेल त्यांनी हात वर करा.”

मी फक्त एकच पाठ बघत होते. सगळीकडे हात उठले. त्याचा उठला नाही. मग शेजारच्याने त्याच्याकडे पाहिलं, पुढच्याने वळून पाहिलं, आणि त्याचा हात वर आला… अर्धाच, खांद्याइतका. पण मोजणाऱ्याला अर्धा आणि पूर्ण सारखाच.

ठेंगणी माझ्याकडे बघत नव्हती. तिने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

लोक मला आता विचारतात, आजकाल युनियनचा काही उपयोग राहिलाय का? आहे ना. उगाच कशाला नाही म्हणू? तो संप पडला नाही, जिंकला. कुणाच्या तरी म्हाताऱ्या वडिलांचं ऑपरेशन त्या करारावर झालं. तो संप आम्ही बाहेर आलो म्हणून जिंकला आणि आम्हाला बाहेर ठेवून संपला. ज्यांची होती त्यांच्यासाठी युनियनने सगळं केलं. आम्ही तिच्या कधी नव्हतोच, हे मात्र आम्हाला संपाआधी कुणी सांगितलं नव्हतं.

तो दुपारी मला गाठायला आला. फुटक्या काचांचा ढीग असतो, त्या भिंतीआड मी एकटीच उभी होते.

“मी काकांशी भांडलो,” तो म्हणाला. “आदल्या रात्रीपर्यंत भांडलो. खोटं नाही सांगत.”

“मला माहीत आहे.”

“सगळ्यांचे हात वर होते गं. माझा एकट्याचा खाली राहिला असता तरी काय फरक पडणार होता?”

“मला दिसला असता.”

काजळी नसताना त्याचा चेहरा किती कोवळा होता ते मी तेव्हा पाहिलं. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि थोबाडीतही मारावीशी वाटली, दोन्ही एकदमच. मी हात पदरात गुंडाळून घेतले.

मग तो म्हणाला, “तुला ते विचारायचं होतं…”

“निळं कार्ड आलं की, असं म्हणाला होतास.”

“आता त्याची गरज नाही. माझा पगार वाढलाय. क्वार्टर मिळेल, तुझ्या आईचं औषधपाणीसुद्धा बसेल कदाचित. तुला कशाला आता त्या उजेडासमोर डोळे फोडत बसायचंय? लग्न करू. आपल्या दोघांचं तर भलं झालं ना? मी… माझं प्रेम आहे तुझ्यावर. तुला ते केव्हापासून माहीत आहे.”

किती वाट पाहिली होती मी या शब्दांची. ताडपत्रीखाली, टाकीपाशी, स्टुलावर बसून. कोणत्या साडीत असेन, काय उत्तर देईन, किती वेळ त्याला ताटकळत ठेवीन, सगळं ठरलेलं होतं. आणि ते शब्द आले ते माझ्या गेलेल्या नोकरीचा मोबदला होऊन.

“ठेंगणीचं काय?” मी विचारलं.

“तिचं काय?”

“ती माझ्या शब्दावर बाहेर आली. बाकीच्याही आल्या. सगळ्यांशी लग्न करशील?”

त्याला आधी वाटलं मी चेष्टा करतेय. आमचं सगळं चेष्टेतच चालत आलं होतं. मग त्याचा चेहरा उतरला.

“तू मला शिक्षा करतेयस.”

“नाही रे. शिक्षा करायची असती तर हो म्हणाले असते. रोज जेवताना तुला तो हात दिसला असता. आणि मलाही.” मी बोलणं पुरं केलं. “माझंही प्रेम आहे. ते काही मतदानाने संपलं नाही. पण तू मला बरोबरीने विचारणार होतास. ताडपत्रीचं पाणी तुझ्यावर ओतलं तेव्हाच मी हो म्हणाले होते, तुला कळलं नाही. आज मी तुझ्या करारातली एक सवलत आहे. मला नाही जमणार.”

मी आधी निघाले, कारण तो निघाला असता तर मी हाक मारली असती.

महिनाअखेरपर्यंत आम्हाला कामावर घेतलं. माझ्या पुढ्यातच कॅमेऱ्याचं यंत्र बसवत होते. पाण्याच्या टाकीकडे मी जाणं सोडलं, घरून बाटली भरून न्यायची. त्या सगळ्या दिवसांत एकही एकटी काळी बाटली आली नाही. मला वाटलं, बरंच झालं. रात्री उशीला तोंड लावून रडले तेव्हाही तेच वाटलं.

शेवटच्या दिवशी, पाळी निम्मी झाल्यावर, उजेडावर एक काळी बाटली आली. मी हातात घेतली, बुड पाहिलं. सात. ती ठेवते न ठेवते तोच दुसरी. मग तिसरी. स्वच्छ बाटल्यांमध्ये सात नंबर येतच राहिला, काळाकुट्ट, तेल नुसतं थापल्यासारखा. तिकडे कुणीतरी त्याच्यावर ओरडत असणार. तो थांबला नव्हता. इकडे सुपरवायझरही एकदा माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि निघून गेले.

ठेंगणीने संपानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं होतं. तिने हात पुढे केला. “मी काढू का?”

“नको,” मी म्हणाले. “माझ्या आहेत.”

नियम होता, काळी बाटली पिंपात. मी एकेक उचलली, क्षणभर हातात धरली आणि टाकली. फुटण्याचा आवाज मला कधी एवढा मोठा वाटला नव्हता. डोळ्यांपुढे उजेड पसरट व्हायला लागला तशी मनगटाने डोळे पुसले आणि पुढची उचलली.

भोंगा झाला. कॅमेऱ्याचा माणूस आला, म्हणाला, ताई, उठा आता. मी उठले. पिवळं कार्ड गळ्यातून काढून गेटवर दिलं. ठेंगणी काखेत उशी घेऊन थोडं अंतर ठेवून चालत होती. मग ते अंतर तिनेच कमी केलं. मी मागे वळून चिमणीकडे पाहिलं. भट्टी तापतीच होती.

त्याने शेवटच्या तासात पाठवलेल्या बाटल्या अजून बोगद्यात होत्या. थांबले असते तर दिसल्या असत्या. तासाभराने त्या बाहेर येतील, उजेडापुढून सरकतील, आणि कॅमेरा त्यांना डाग म्हणून बाजूला ढकलेल. त्याला सात नंबर कोण ते कुठे माहीत?

मी थांबले नाही.